साहेब सज्जन आहेत, म्हणून?

‘वरचा माणूस संस्कारी असला की खालचं सगळं आपोआप नीट होतं, नियम, समित्या, तक्रारपेट्या हे पाश्चात्त्य थोतांड आहे.’ अशा अर्थाचा मेसेज सध्या ऑफिसच्या ग्रुपांवर फिरतोय, शेवटी हात जोडलेले इमोजी. हाताखालचे लोक साहेबाच्या वागण्याकडे बघत असतात, एवढं त्यात खरं आहे.

पण माणूस संस्कारी आहे हे ठरवायचं कशावरून? ‘सत्यम’ या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापक रामलिंग राजूंनी 2005 मध्ये हैदराबादेत 108 रुग्णवाहिका सेवा देणारी संस्था उभी केली. 2008 मध्ये कंपनीला सुशासनाचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. त्याच डिसेंबरात राजू कुटुंबाशी संबंधित दोन ‘मेटास’ कंपन्या विकत घेण्याच्या प्रस्तावाला संचालक मंडळातल्या नामवंतांनी मान डोलावली. भागधारकांनी बोंब मारली म्हणून तो काही तासांत मागे घ्यावा लागला. आणि 7 जानेवारी 2009 च्या पत्रात राजूंनीच लिहून दिलं की ताळेबंदातले रोकड आणि बँक शिलकीचे 5,040 कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. रुग्णवाहिका खऱ्या होत्या, त्यांनी जीवही वाचवले. त्यामुळे बँकेतली शिल्लक खरी ठरत नाही.

समित्या थोतांड? राजस्थानातल्या भंवरीदेवींवर 1992 मध्ये, बालविवाह रोखण्याचं सरकारी काम केल्याच्या रागातून सामूहिक बलात्कार झाला. त्यातून पुढे आलेल्या याचिकेवर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाची 1997 ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि पुढे त्याच विषयावरचा 2013 चा कायदा. पाश्चात्त्य कुठे आलं यात? दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी आणि तिच्यात एक सदस्य बाहेरचा हवा. तो का, हे साहेबाच्या केबिनमध्ये एकदा जाऊन आलेल्या कोणालाही कळेल.

‘काही खटकलं तर थेट वर सांगा,’ असंही त्या मेसेजमध्ये आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी तेच केलं. सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट टेबलाटेबलांवर फिरलं. नोव्हेंबर 2003 मध्ये गयेत त्यांचा खून झाला. न्यायालयात तो लुटीतून झालेला ठरला. नाव फुटलं होतं, हे त्याने पुसलं जात नाही.

अशा लोकांना संरक्षण देणारा कायदा 2014 मध्ये संसदेने केला, त्यावर राष्ट्रपतींची सहीही झाली. तो अजून लागू केलेला नाही.