माळरानाचे मानचिन्ह कोणते?

शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेली माझी पुतणी परवा राज्याची मानचिन्हे घोकत होती. प्राणी शेकरू, पक्षी हरियाल, वृक्ष आंबा, फूल ताम्हण, मासा पापलेट. मध्येच थांबून तिने विचारले, "काका, यातले आपल्या सोलापूरचे कुठले?" शेकरू भीमाशंकरच्या जंगलातला आणि आपली भीमाही तिथलीच, असे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली, पण प्रश्न मनातून गेला नाही.

ही चिन्हे ठरतात कशी? मतदान होत नाही. २०१५ साली राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू ठरले, आणि असे फुलपाखरू निवडणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य झाले. २०२० साली पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवन वृक्ष झाला. २०२३ साली पापलेटला मान मिळाला तो मात्र सातपाटीकडच्या मच्छीमारांनी मागणी लावून धरली म्हणून. लहान पिल्ले जाळ्यात येऊन मासा घटतो आहे, ही त्यामागची चिंता. मला ही निवड सर्वांत पटते, कारण तिच्यामागे कोणाची तरी पोटतिडीक आहे.

आमच्या माळाची बाजू कोणी मांडायची? सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ सालचे. माळढोक हा माळावरचा मोठा, आता अगदी दुर्मिळ झालेला पक्षी. राष्ट्रीय पक्ष्याच्या निवडीत पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा कौल माळढोकाला होता, पण १९६३ साली मान मोराकडे गेला. राजस्थानने माळढोकाला राज्यपक्षी केले. तिथे त्याला गोडावण म्हणतात. आता तो आपल्याला कसा घेता येईल, असे कोणी म्हणेल, तर नीलकंठ हा पक्षी कर्नाटक, तेलंगण आणि ओडिशा या तिन्ही राज्यांचा आहे, त्यावरून भांडण झाल्याचे ऐकिवात नाही.

तरीही माझी मागणी पक्ष्याची नाही, गवताची आहे. कांदळवनासाठी वेगळा वर्ग निघू शकतो, तर ज्या माळावर माळढोक, काळवीट आणि लांडगा जगतात, त्या माळाच्या गवतासाठी का निघू नये? सरकारी कागदांत या जमिनीला सर्रास 'पडीक' म्हणतात, आणि पडीक म्हटले की तिथे काहीही उभारायला माणूस मोकळा होतो. मारवेल किंवा कुसळी राज्यगवत म्हणून जाहीर झाली, तर निदान तो शब्द लिहिताना कारकुनाचा हात थोडा अडखळेल.

मागच्या रविवारी पुतणीला नान्नजला घेऊन गेलो. माळढोक अर्थातच दिसला नाही. घरी आल्यावर मात्र ती पायरीवर बसून अर्धा तास मोज्यातली कुसळे एकेक करून उपटत होती.