पक्षांतराच्या होतकरूंसाठी चार शब्द

परवा महापालिकेच्या प्रचारात आमचे आमदार दारात आले. सोबत उमेदवार आणि पत्रक. पत्रकावर जुन्या चिन्हावर नव्या चिन्हाचं स्टिकर चिकटवलेलं, कडेने जुनं डोकावत होतं. ‘विकासासाठी,’ आमदार म्हणाले. मी काही विचारलंही नव्हतं. ते गेले आणि वाटलं, ही विद्या आपल्याला जमली नाही, निदान तुमच्या तरी कामी यावी.

तर पहिलं म्हणजे एकट्याने फुटू नका. १९६७ साली हरियाणात गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि कायमचे ‘आयाराम गयाराम’ होऊन बसले. एकटा गेला तर गद्दार, दोन तृतीयांश गेले तर विलीनीकरण; आणि विलीनीकरणाला राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात मानाची जागा आहे. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला तेव्हा एक तृतीयांशात फूट भागायची. २००३ मध्ये ती सवलत गेली. महागाई कुणाला चुकली आहे?

शपथ घ्यावी लागली तर बिनधास्त घ्या. गोव्यात २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देऊळ, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन निष्ठेच्या शपथा घ्यायला लावल्या. सप्टेंबरात अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये! त्यातल्या एकाने तर देवाला विचारूनच गेल्याचं सांगितलं. देवाचीच हरकत नाही म्हटल्यावर मतदाराला कोण विचारतो?

गुवाहाटीला जाताना स्वेटर नेऊ नका, जूनमध्ये तिथे उकडतं.

आता मुख्य गोष्ट. विधानसभेचा अध्यक्ष आपला हवा. तुम्ही पात्र की अपात्र हे अध्यक्ष ठरवणार, अध्यक्ष कोण हे बहुमत ठरवणार, आणि बहुमत म्हणजे तुम्हीच. शिवाय निकाल कधीपर्यंत द्यायचा याची मुदत कायद्यात नाही. सुप्रीम कोर्ट २०२० मध्ये म्हणालं होतं की साधारण तीन महिन्यांत निकाल लावा. म्हणालं होतं खरं. आपल्याकडे शिवसेना फुटली जून २०२२ मध्ये. मे २०२३ मध्ये कोर्टाने पुन्हा सांगितलं, वाजवी वेळेत निर्णय घ्या. निर्णय आला १० जानेवारी २०२४ ला! आणि काय आला? दोन्ही गटांतलं कुणीच अपात्र नाही. म्हणजे एवढं सरकार पडलं, दोन गट एकमेकांवर व्हिप बजावत बसले, महिनोन्‌महिने आपण टीव्हीसमोर बसलो, आणि चुकलं कुणाचंच नाही. तोवर त्याच आमदारांच्या मतांवर अर्थसंकल्पही मंजूर झाला होता. पुढच्या महिन्यात राष्ट्रवादीचा निकाल लागला, त्यातही सगळे पात्र. त्याच वर्षी विधानसभेची निवडणूकच आली. खेळ खलास.

आणि चुकून अपात्र ठरलातच तरी रडू नका. कर्नाटकात २०१९ मध्ये १७ आमदार अपात्र ठरले. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यातले बरेचजण नव्या चिन्हावर निवडून आले, काही मंत्रीही झाले.

निवडून कुणी दिलं? आपणच ना! दुसऱ्याचा आमदार आपल्या पक्षात आला की आपण फटाके वाजवतो, आपला तिकडे गेला की त्याचे पुतळे जाळतो. आमदारांना नावं ठेवताना हे जरा आठवावं. पण म्हणून त्यांना सोडायचं कारण नाही. अहो आमदारसाहेब, ते मत तुमच्या तोंडाकडे बघून दिलं नव्हतं. चिन्ह बघून, दुसरा नको म्हणून दिलं होतं, आणि तुम्ही त्या दुसऱ्याच्याच मांडीवर जाऊन बसलात. वर विकास! लाज नाही वाटत?

अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडून काढून घ्या आणि निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने राष्ट्रपती-राज्यपालांकडे द्या, हे दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सांगून ठेवलंय. त्यानंतर सगळे मोठे पक्ष सत्तेत बसून गेले. कुणीही त्याला हात लावला नाही. पक्ष बदलायचाय? खुशाल बदला. आधी राजीनामा, मग पोटनिवडणूक. कायद्यात हे एक वाक्य घालायला तुमचा हात कुणी धरला होता?