चांगला, वाईट आणि पिवळा

‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ हा सिनेमा नक्की किती मिनिटांचा आहे, हे विचारायला आमच्या घरात बंदी आहे. पाहुण्यांनाही. बंदी बायकोने घातलेली आहे आणि तिचंही काही चुकत नाही. विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो आणि मी त्याला पाणी देऊन बसवून घेतो.

आता बघा. दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा हा काउबॉयपट १९६६ च्या डिसेंबरात इटलीत लागला तेव्हा तीन तासांना थोडाच कमी होता. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत पोचेपर्यंत वितरकांनी कात्री चालवून १६१ मिनिटांवर आणला. इंग्रजी समजणाऱ्या जगाने वर्षानुवर्षं पाहिला तो हाच. मग २००३ साली कापलेले तुकडे इंग्रजीत परत जोडले, त्याची झाली १७९ मिनिटं. इथवर कुणालाही कळतं. पण माझ्याकडे लंडनच्या मावसभावाने आणलेली एक डीव्हीडी आहे, तिच्यात हाच १७९ मिनिटांचा सिनेमा १७२ मिनिटांत संपतो. एकही दृश्य कापलेलं नाही! सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो आणि युरोपातला टीव्ही २५ ने. त्यावर तिकडच्या मंडळींनी काढलेला तोडगा असा, की सिनेमाच थोडा पळवायचा. त्यामुळे चार टक्क्यांनी सगळेच घाईत. क्लिंट ईस्टवूड मुळात अख्ख्या सिनेमात मोजकंच बोलतो, तेही पाचचाळीसची लोकल पकडायची असल्यासारखं. एन्निओ मॉरिकोनेचं संगीत पांढरी एकमधून काळी एकच्या उंबरठ्यावर. सामान्य माणसाला यातलं काही जाणवत नाही. मलाही पूर्वी जाणवत नव्हतं, ते दिवस सुखाचे होते.

माझी सुरुवात व्हीसीडीपासून. एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपासच मजकूर मावायचा, त्यामुळे सिनेमाच्या तीन तबकड्या. दर वेळी कुणीतरी पिस्तूल उपसत असतानाच उठून तबकडी बदलावी लागे. पण खरी गंमत चित्राच्या आकारात होती. लिओनेचा पडदा उंचीच्या जवळजवळ अडीचपट रुंद आणि आमचा तेव्हाचा टीव्ही चौकोनी खोका. मग दोन्ही बाजू छाटून मधला तुकडा दाखवायचे. ज्यांनी सिनेमा पाहिलाय त्यांना आठवत असेल, शेवटी स्मशानातल्या गोल दगडी चौथऱ्यावर तिघं जण त्रिकोणात उभे राहतात आणि कोण कुणावर गोळी झाडणार याची आपण श्वास रोखून वाट बघतो. आमच्या व्हीसीडीत तिघं कधी एकत्र दिसलेच नाहीत. जास्तीत जास्त दीड माणूस दिसे. डावीकडे एक कोपर, उजवीकडे एक टोपीची कड आणि मधे स्पेनची मोकळी जमीन. तो सामना तिघांचा आहे, हे मला पहिल्या खेपेला गोळी सुटल्यावर कळलं.

मग डीव्हीडी आली आणि तिच्याबरोबर विभाग आले. कुणीतरी बसून पृथ्वीचे सहा तुकडे केले होते. अमेरिका पहिल्या विभागात, इंग्लंड दुसऱ्यात आणि आपण पाचव्यात, रशिया आणि बऱ्याचशा आफ्रिकेच्या पंक्तीला. मेहुण्याने न्यू जर्सीहून २००४ ची दोन तबकड्यांची देखणी पेटी आणली, ती आमच्या प्लेअरने तोंडात घेतली आणि थुंकून दिली. कंप्युटरवर लावून बघितली, तर त्याने विचारलं, विभाग बदलायचा का? बदलता येईल, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा जो निवडाल तो कायमचा. लग्न ठरवतानाही मला एवढी स्पष्ट सूचना कुणी दिली नव्हती. शेवटी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने रिमोटवरची चारपाच बटणं अशा काही क्रमाने दाबली, की प्लेअरचे सगळे विभाग खुले झाले. तो क्रम त्याने मला एका पावतीच्या मागे लिहून दिला. ती पावती आजही घराच्या कागदपत्रांबरोबर आहे.

तर, ती १७९ मिनिटांची आवृत्ती. कापलेल्या दृश्यांचं इंग्रजी ध्वनिमुद्रण कधी झालेलंच नव्हतं, म्हणून २००३ मध्ये ‘गुड’ झालेला ईस्टवूड आणि ‘अग्ली’ झालेला ईलाय वॉलक यांना परत स्टुडिओत बोलावलं. ईस्टवूड तेव्हा सत्तरी ओलांडलेला आणि वॉलक ८७ वर्षांचा. ‘बॅड’ झालेला ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच गेला होता, त्याच्यासाठी दुसरा नट घेतला. परिणाम असा, की ३६ वर्षांचा उमदा ईस्टवूड वाळूतून चालत येतो, तोंड उघडतो आणि आतून त्याचे आजोबा बोलतात. दोन मिनिटांनी पुन्हा तरुण. सासूबाई एकदा सोफ्यावर वाती वळत बसल्या होत्या. सिनेमाकडे त्यांचं लक्षही नव्हतं, पण मधेच मान वर करून म्हणाल्या, “जावईबापू, ह्याला थंडी बाधली का हो?” हेच निरीक्षण जाणकारांनी पानंच्या पानं खर्चून मांडलेलं मी वाचलंय.

आता कुणी म्हणेल, मूळ आवाजातली आवृत्ती घ्या. मूळ आवाज हीच तर मेख आहे. त्या काळच्या इटालियन पद्धतीप्रमाणे शूटिंगच्या वेळचा आवाज कुणी धरतच नसे. अमेरिकन नट इंग्रजी बोलत, इटालियन नट इटालियन, स्पॅनिश नट स्पॅनिश, आणि नंतर सगळं डब होई. त्यामुळे कुठलीही तबकडी लावा, कुणाचे ना कुणाचे ओठ चुकणारच. मी पूर्वी इंग्रजी आवृत्तीतले चुकलेले ओठ मोजायचो. इटालियन आवृत्ती घेतली, तेव्हा ईस्टवूडचेच चुकायला लागले.

शिवाय आवाजात दुसरा पंथभेद आहे. मूळ सिनेमा मोनो, म्हणजे सगळा आवाज एका जागेवरून. नव्या आवृत्त्यांत ५.१, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरमधून येणारा आवाज आला आणि त्यात काही ठिकाणी बंदुकीचे जुने आवाज काढून नवे घातले. त्या जुन्या गोळ्यांना एक खास ‘ट्याँऽऽव’ होता, पश्चिमेकडच्या कुठल्याही खऱ्या बंदुकीतून कधी निघाला नसेल असा. तो गेला. नव्या गोळ्या खऱ्यासारख्या वाजतात, आणि लिओनेच्या सिनेमात खऱ्याचं काय काम? म्हणून मी मोनोवाला. त्यासाठी शोधून शोधून मूळ मोनो असलेली तबकडी मागवली आणि ऐकायला बसलो. बायकोने खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, “आवाज नुसता मधल्यातूनच येतोय ना? मग ते चार कोपऱ्यातले कशाला घेतले होते? हप्ते अजून चालू आहेत.” मी म्हटलं, ते पुलाच्या स्फोटासाठी. त्यावर ती म्हणाली, “स्फोटाच्या वेळी तर खालचे काका वर येतात म्हणून तुम्ही आवाज बंद करता.”

हे खरं आहे. पण तो पूल बघायलाच हवा. शूटिंगच्या वेळी इशाऱ्याचा घोळ झाला आणि कॅमेरे सुरू व्हायच्या आत स्पॅनिश लष्कराच्या माणसांनी तो उडवून दिला. मग त्याच लष्कराने तो पुन्हा बांधला आणि पुन्हा उडवला. एकच गोष्ट परत परत विकत घेण्याबद्दल घरात विषय निघाला, की मी हे उदाहरण देतो. चालत नाही, पण देतो.

आणि आता रंग. इथून पुढे माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात.

हा सिनेमा टेक्निस्कोप पद्धतीने चित्रित झाला. नेहमी एका चित्राला फिल्मची चार भोकं लागतात, यात दोनच. म्हणजे निम्म्या फिल्ममध्ये रुंद पडदा. ही काटकसर आपल्या माणसाला ऐकताक्षणी पटते. मात्र चित्र लहान असल्यामुळे मोठं केलं की त्यात रवा, म्हणजे फिल्मचे बारीक कण, दिसतो. २००९ च्या ब्लू-रेमध्ये, म्हणजे डीव्हीडीनंतरच्या जास्त स्पष्ट तबकडीत, कुणीतरी तो रवा पुसायला गेलं आणि त्याबरोबर घाम, धूळ आणि सुरकुत्याही गेल्या. टुको, म्हणजे सिनेमातला ‘अग्ली’, फेशियल करून आल्यासारखा दिसतो. २०१४ मध्ये फिल्म नव्याने स्कॅन करून दुसरी ब्लू-रे आली. तपशील उत्तम, रवाही जागेवर, पण सगळा सिनेमा पिवळा. आभाळ पिवळं, ढग पिवळे, शर्ट पिवळे. २०१७ च्या पन्नाशीच्या आवृत्तीत पिवळा थोडा उतरवला आणि २०२१ च्या फोरकेमध्ये, म्हणजे ब्लू-रेहूनही बारीक तपशिलाच्या तबकडीत, आणखी उतरवला.

माझा मित्र शिरीष पिवळ्या पक्षाचा. त्याचं म्हणणं, इटलीत बसून जाणत्या लोकांनी हे केलंय, तू कोण? मी म्हटलं, मी सोलापूरचा. मे महिन्यातल्या दुपारी आभाळ पिवळं नसतं, पांढरं असतं आणि त्याच्याकडे बघायची कुणाची छाती नसते. पण शिरीष नागपूरचा निघाला. “अबे, तुमच्याकडे ऊन असते का? पंचेचाळीसच्या वर गेलं की पिवळंच दिसते.” मी म्हटलं, ती उन्हाची लागण आहे, कांद्याचा रस लाव. मग मी स्मशानाचा पुरावा काढला. सिनेमातलं सॅड हिलचं स्मशान स्पेनच्या उत्तरेत बुर्गोस प्रांतात आहे. लष्करानेच उभारलेल्या तिथल्या हजारो खोट्या कबरी नंतर मातीखाली गेल्या होत्या, त्या २०१५ पासून हौशी मंडळींनी कुदळ-फावडी घेऊन पुन्हा उकरून काढल्या. तिथले फोटो दाखवून म्हटलं, हे बघ गवत, हिरवं आहे. शिरीष म्हणाला, “पाऊस पडून गेला असंन.” इकडे तो विषय संपला.

तुलनेची माझी पद्धत अशी : दोन प्लेअर, एक टीव्ही. एकीकडे २०१४ ची तबकडी, दुसरीकडे २०२१ ची, दोन्ही एकाच क्षणी थांबवलेल्या, आणि रिमोटने इकडून तिकडे उड्या. यात सिनेमा पुढे सरकत नाही. टुको वाळवंटात गुलाबी छत्री घेऊन निघालाय, तो आमच्याकडे एकदा दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तिथेच होता. मधेच चिरंजीव क्रिकेटसाठी टीव्ही ‘व्हिव्हिड’ या भडक रंगांच्या सेटिंगवर टाकून जातात आणि माझं सगळं संशोधन मातीमोल होतं.

एका रात्री मी असाच उड्या मारत असताना बायको भाजी निवडत समोर बसली होती. मी म्हटलं, दोन्ही पिवळेच दिसतात, फरक नेमका सांगता येत नाही. तिने डोळे किलकिले केले. “दोन्ही पिवळे कुठे? पहिला लिंबू आहे, त्याच्यात पिस्ता मिसळलाय. दुसरा मोतिया. आणि त्या मधल्या डिस्कचा तुम्ही परवा लावला होतात तो बदामी.” मी थक्क झालो. लाखभर शब्दांच्या वादावादीत जे कुणाला मांडता आलं नव्हतं, ते तिने चार साड्यांच्या आधाराने अर्ध्या मिनिटात उलगडलं होतं. त्या दिवसापासून मी तिला विचारल्याशिवाय मत बनवत नाही. तिचाही उत्साह वाढला. टुकोच्या छत्रीला ती राणी म्हणायला तयार नाही, फिका गुलबक्षी म्हणते.

माझा निकाल हवा असेल तर सांगतो : २०२१ चा फोरके, १६१ मिनिटं, मोनो. जोडलेल्या दृश्यांपैकी टुको गुहेत जाऊन जुन्या साथीदारांना गोळा करतो ते नसतं तरी चालतं. पण पडक्या किल्ल्यातल्या जखमी सैनिकांमध्ये ली व्हॅन क्लीफ फिरतो, ते मला सोडवत नाही. त्या सैनिकांकडे बघताना त्या पाषाणाचाही चेहरा क्षणभर बदलतो. म्हणून मी फोरके थांबवतो, दुसरी तबकडी लावतो, तेवढं बघतो आणि परत येतो. या पद्धतीने सिनेमा बसून बघायला कुटुंबात कुणी तयार नाही.

मात्र निकाल पक्का करण्याआधी एक गोष्ट बाकी होती. जाणकार सांगतात की टीव्हीच्या मागची आणि आजूबाजूची भिंत राखाडी हवी, नाहीतर तिचा रंग डोळ्याला फसवतो. घराला रंग काढायचाच होता. मी राखाडी सुचवला. “घर आहे का सिमेंटचं गोडाऊन?” असं म्हणून बायकोने रंगाची निवड स्वतःकडे घेतली. मी ऑफिसच्या कामाला बाहेरगावी गेलो होतो, परत आलो तोवर दिवाणखाना संपला होता.

“ओळखा,” ती म्हणाली.

ओळखीचा वाटत होता, पण जुळेना. मग तिनेच मोबाइल पुढे केला. माझ्या संशोधनातल्या लिंबू-पिस्ता आभाळाचा तिने टीव्हीवरून फोटो काढून ठेवला होता आणि पेंटरला तोच दाखवून हुबेहूब शेड मिळवली होती. चारी भिंतींना.

रविवारी शिरीष आला. वाद मिटवायचाच म्हणून मी २०२१ ची तबकडी लावली, सगळे दिवे चालू ठेवले आणि त्याच्या हातात चहा दिला. चारी भिंतींचा उजेड टीव्हीवर पडला होता. शिरीषने आभाळाकडे बघितलं, एक घोट घेतला आणि म्हणाला, “बघ, काय म्हटलं होतं तुले? पिवळंच आहे.”