स्वस्तातलं लाकडी घर

निवृत्त सुभेदाराला रिकामं बसू देऊ नये, हे आमच्याकडे कुणीतरी वेळेत सांगायला हवं होतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळे आमच्या भागात घराआड एक फौजी निघतो. पेन्शन सुरू झाल्यावरचं पहिलं वर्ष तो कसं काढतो, यावर अख्ख्या घराचं सुखदुःख ठरतं. कुणी सिक्युरिटीत लागतो, कुणी दोन म्हशी घेतो, कुणी पंचायतीला उभा राहतो. आमच्या दाजींनी ओंडक्यांचं घर बांधायला घेतलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरीतली काही वर्षं त्यांनी हिमाचलात काढली. तिथली काठकुणी घरं त्यांच्या डोक्यात बसली होती. देवदाराच्या तुळयांचा एक थर, मग दगडाचा एक थर, पुन्हा लाकूड. चुना नाही, सिमेंट नाही. मनालीचं हिडिंबेचं देऊळ 1553 सालचं, हे त्यांना आमच्या लग्नाच्या तारखेपेक्षा चांगलं पाठ आहे. "साडेचारशे वर्षांवर झाली, उभं हाय की नाही? आणि आपल्या समाजमंदिराचा स्लॅब पाचव्या वर्षीच गळायलाय!" या युक्तिवादाला गावात कुणापाशी उत्तर नव्हतं, कारण स्लॅब खरंच गळत होता.

त्यात भाच्यानं त्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. कॅनडातला एक दाढीवाला जंगलात जातो, झाडं पाडतो, खाचा पाडतो, ओंडक्यावर ओंडका ठेवतो आणि वीस मिनिटांत चुलीशेजारी कॉफी पीत बसतो. एक माणूस, एक कुऱ्हाड, एक कुत्रं. कुत्रं दाजींकडे आधीपासून होतं, त्यामुळे एक तृतीयांश काम झाल्यातच जमा होतं.

"लाकूड बांधावरचं, मजुरी घरची, जागा वडिलांची," दाजींनी बोटं मोडत हिशेब मांडला. "खर्च सांगा बघू कुठं येतोय?" ताईनं काही न बोलता कपाटातून एक कोरी वही काढली.

जागा खानापूरहून जांबोटीकडे जाताना, रस्त्याच्या आत. तिथला पाऊस ज्याला माहीत आहे त्यानं याच वाक्यावर डोक्याला हात लावला असेल. ओंडक्यांची घरं नॉर्वे, फिनलंड, रशियाची. तिकडे थंडी कोरडी, पाइन आणि स्प्रूस सरळसोट वाढतात आणि माणसापेक्षा झाडं जास्त. 1638 मध्ये डेलावेअरच्या खोऱ्यात उतरलेल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी ही विद्या अमेरिकेत नेली. त्यांना घर स्वस्त पडलं, कारण शेतासाठी झाडं तोडायचीच होती. तोडलेलं लाकूड टाकायचं कुठं, हा त्यांचा प्रश्न होता. आमच्याकडे प्रश्न नेमका उलटा.

दाजींना अर्थात साग हवा होता. चंदगडला त्यांचा एक रेजिमेंटचा मित्र आहे. त्याच्या मळ्यात सागाची झाडं आहेत आणि तो मित्राला मातीमोल भावात द्यायला तयार होता. पण चंदगड महाराष्ट्रात आणि आम्ही कर्नाटकात. साग तोडायला परवानगी लागते, तोडलेला साग हलवायला वाहतुकीचा पास लागतो, आणि तो शिनोळीची हद्द ओलांडणार म्हटल्यावर दोन्हीकडचे कागद लागतात. आमचा सीमाप्रश्न 1956 पासून पडून आहे. 2004 पासून तो सुप्रीम कोर्टात आहे. आम्ही माणसं तेवढ्या काळात कागदाशिवाय रोज शिनोळीला जाऊन वडे खाऊन आलो. सागाच्या ओंडक्याला ती सवलत नाही.

इथं माझा प्रवेश होतो. मी मास्तर आहे आणि मला कन्नड लिहिता-वाचता येतं. हा गुण नातेवाइकांपासून लपवून ठेवावा. "मास्तर, जरा चौकशी करून या की, तुम्हाला कन्नड येतंय न्हवं?" असं म्हणून दाजींनी मला एका कार्यालयात धाडलं. तिथं "साहेब्रु इल्ल, नाळि बर्री" (साहेब नाहीत, उद्या या) हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की आमच्या तिसरीतल्या पोरानं गृहपाठाबद्दल विचारल्यावर माझ्या तोंडून तेच निघालं. एवढ्या खेपांतून एक गोष्ट मात्र पदरात पडली. कर्नाटकाच्या 1976 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात काही झाडांना तोडीच्या परवानगीतून सूट आहे. सुरू, सिल्व्हर ओक, सुबाभूळ आणि नीलगिरी.

दाजींच्या बांधावर थोरल्या मामंजींनी लावलेली नीलगिरी ओळीनं उभी होती. सरळ, उंच, फुकट. दाजींनी तिला सॅल्यूट तेवढा ठोकायचा बाकी ठेवला.

नीलगिरीबद्दल गावातल्या मेस्त्रींचं मत वेगळं होतं. त्यांचं वय सत्तरच्या पुढं. बोलायचं कमी आणि तंबाखू मळायची जास्त. त्यांनी झाडाभोवती एक चक्कर मारली, वर बघितलं, खाली बघितलं. "सुभेदारसाहेब, ह्यो लाकूड सेंट्रिंगला बरा. घराला उभा केला तर फिरतोय."

"फिरतोय म्हणजे? कुठं जातोय?"

"जात न्हाई. जागच्या जागी फिरतोय."

दाजी हसले. मेस्त्री हसले नाहीत. आणखी एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली. एवढे ओंडके वखारीत नेऊन चिरले तर वासे, रिपा, चौकटी धरून तीन-चार कौलारू घरांचं लाकूड निघेल आणि भिंतीला चिरा इथंच खाणीतून मिळतोय. माझ्या मते हे त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वात शहाणं वाक्य होतं. आमच्याकडची जुनी घरं तशीच आहेत. खाली चिऱ्याचं जोतं, वर मातीची किंवा चिऱ्याची भिंत, लाकूड फक्त जिथं पावसाचा थेंब पोचत नाही तिथं, आणि वर खानापूरची कौलं. पण शहाणं वाक्य व्हिडिओत नव्हतं.

तोड अमावास्येच्या सुमारास झाली, कारण काळोख्या पक्षात तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही असं आमच्याकडे मानतात. सगळ्यात आनंदाचं काम सालीचं. ताज्या नीलगिरीची साल लांबच लांब पट्ट्यांनी निघते. गावातली पोरं त्या कामाला तुटून पडली. पाल्याचा ढीग ताईनं बंबात घातला. त्या आठवड्यात गल्लीतल्या कुणाचंच नाक चोंदलेलं नव्हतं.

आता व्हिडिओवाला जे सांगत नाही ते सांगतो. बारा फूट लांब आणि दहा इंच जाडीचा ओला नीलगिरीचा ओंडका दोनशे किलोच्या आसपास भरतो. दहा फूट उंचीची भिंत म्हणजे असे बारा थर. चार भिंतींना चार बारे अठ्ठेचाळीस. म्हणजे एका खोलीला नऊ टनांच्या वर लाकूड, आणि ते सगळं माणसांनी वर न्यायचं. कॅनडातल्या दाढीवाल्याचं कुत्रंसुद्धा वाघाएवढं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

दाजींनी पैऱ्यानं काम करायचं ठरवलं. आज तुम्ही माझ्या घराला या, रोपलावणीला मी तुमच्याकडे येतो. मजुरी शून्य. फक्त जेवण. आता फौजीच्या घरी ओंडके उचलायला आलेल्या माणसांना आमटी-भात वाढणं शोभतं का? मटण आलं. मटण आलं म्हटल्यावर माणसं वाढली. आणि मटण सोमवारी नको, गुरुवारी नको, शनिवारी नको, एकादशीला तर नावच नको. त्यामुळे भिंत चढायचे वार आणि मटणाचे वार एकच झाले. मधल्या वारी दोघं-तिघं यायचे, ओंडक्यावर बसून चहा प्यायचे आणि "हे काय हलायचं न्हाई ओ आज" म्हणून उठायचे.

चढवायची युक्ती मात्र खरोखर देखणी. भिंतीला दोन बल्ल्या तिरक्या लावायच्या. दोन दोरांची एकेक टोकं वर बांधायची, दोर ओंडक्याखालून घेऊन पुन्हा वर आणायचे आणि पलीकडून ओढायचे. ओंडका बल्ल्यांवरून गडगडत वर येतो आणि निम्मं वजन बांधलेलं टोकच पेलतं. दाजी भिंतीवर उभे राहून "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की" म्हणायचे आणि "जय"ला खालून सगळे ओढायचे. ही रेजिमेंटची युद्धघोषणा. तिच्यावर लढाया जिंकल्या गेल्या आहेत. तिसऱ्या थराला तिनं ओंडका वर नेला तो सरळ पलीकडे उतरला.

खाचांचं काम मेस्त्रींनी हातात घेतलं. खाच वरच्या ओंडक्याला पाडायची आणि तिचं तोंड खाली ठेवायचं, म्हणजे तिच्यात पाणी साचत नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी फक्त आभाळाकडे बघितलं. कंपासानं खालच्या ओंडक्याची गोलाई वरच्यावर उतरवून ते वाकसानं अशी खाच तासायचे, की ओंडका बसला की सुतळीसुद्धा आत जायची नाही. महिन्याभरानं त्याच फटीतून मांजर आत-बाहेर करायला लागलं. चूक मेस्त्रींची नव्हती. ओला ओंडका होता, तो आक्रसला.

खरं तर लाकूड वाळवून वापरायचं असतं. पण जाडीच्या एका इंचाला एक वर्ष असा सुतारांचा ढोबळ हिशेब. दहा इंचाचा ओंडका वाळेपर्यंत थांबायचं, तर दाजींच्या पेन्शनला वारस लावावा लागला असता. म्हणून ओल्यातच बांधायचं आणि भिंत खचेल ते धरून चालायचं. लाकूड आडवं आक्रसतं, उभं फारसं नाही. त्यामुळे आडव्या ओंडक्यांची भिंत काही इंच खाली बसते आणि मधला उभा खांब मात्र होता तेवढाच राहतो. मग छप्पर त्या खांबावर छत्रीगत टेकतं. यावर तोड म्हणून खांबाखाली स्क्रूचा जॅक ठेवतात आणि भिंत बसेल तसा तो उतरवतात. भाच्यानं भंगारातून लॉरीचा जॅक आणला. हल्ली दर पहिल्या तारखेला दाजी पेन्शन काढून येतात आणि घर थोडं खाली उतरवतात. दाराच्या चौकटीवरही तेवढ्याचसाठी मोकळी जागा ठेवावी लागते. त्या फटीत फौजेतला लोकरी मफलर कोंबून वर फळी मारली आहे.

आणि मेस्त्री म्हणाले होते ते फिरणं? पूर्वेच्या भिंतीतल्या एका ओंडक्यावर दाजींनी खुंटी ठोकून रेजिमेंटचा ग्रुप फोटो लावला होता. उन्हाळ्यात ओंडका हळूहळू पीळ घेत गेला. खुंटी आधी तिरकी झाली, मग जमिनीकडे तोंड करून राहिली. आता अख्खी पलटण खाली बघते. नीलगिरीच्या खोडात वाढतानाचाच ताण भरलेला असतो आणि तंतूही सरळ नसतात. तोडल्यावर तो ताण सुटतो, टोकं फाटतात, खोड पिळवटतं. मेस्त्री येतात, फोटोकडे बघतात, तंबाखूची चिमूट लावतात आणि जातात. 'मी सांगितलं होतं' हे न बोलता म्हणायला सत्तर वर्षं लागतात.

वाळवीसाठी काजूच्या टरफलाचं तेल लावलं. चंदगड-बेळगाव पट्ट्यात काजूचे कारखाने आहेत, त्यामुळे ते मिळतं, आणि जुनी माणसं त्यावर भरवसा ठेवतात. काळंकुट्ट, उग्र, आणि हाताला लागलं तर कातडी जळते. दाजी हातमोजे घालत नाहीत. त्यांच्या मते हातमोजे सियाचिनला. नंतर बरेच दिवस ताई त्यांना घास भरवत होती आणि एका हातानं वहीत 'डॉक्टर' लिहीत होती.

जूनमध्ये पाऊस आला. जांबोटीकडचा पाऊस भिंतीवर पडत नाही, भिंतीत शिरतो. काथ्या, शेणमाती आणि चुना कालवून भरलेल्या फटी पहिल्या झडीत वाहून गेल्या. दाजींनी पागोळी दूर पडावी म्हणून छप्पर पुढं काढलं. पुन्हा झड आली, पुन्हा पुढं काढलं. आता छप्पर इतकं खाली आणि पुढं आलंय की भर दुपारी आत दिवा लावावा लागतो. पण भिंत कोरडी आहे हे कबूल केलं पाहिजे.

पावसाळा सरल्यावर घराची नोंद करायला माणूस आला. त्यानं ओंडके बघितले, कौलं बघितली, जॅककडे जरा जास्त वेळ बघितलं आणि भिंतीच्या रकान्यात 'कच्चं घर' लिहिलं. दाजींचा चेहरा लाल झाला. मी हळूच म्हटलं, "दाजी, कच्चं म्हटल्यावर पट्टी कमी बसेल ओ." ते थांबले. अपमान आणि बचत यांची त्यांच्या तोंडावर बराच वेळ झटापट चालली. अखेर बचतीनं सही केली.

आलेल्या पाहुण्याला दाजी अजून सांगतात, "लाकूड बांधावरचं, मजुरी घरची. खर्च म्हणाल तर कौलं आणि खिळे." पाहुणा चकित होतो. आत चहा घेताना ताई वही पुढं सरकवते. दोर. कौलं. काजूतेल. मटण, मटण, मटण. मेस्त्री. जॅक. मास्तरचं पेट्रोल. पुन्हा कौलं. बेरजेखाली तिनं शेजारच्यांच्या चिऱ्याच्या दोन खोल्यांचा खर्चही नुसता लिहून ठेवलाय. शेजारच्यांचा आकडा लहान आहे.

चंदगडचा मित्र मात्र वही बघायच्या आधी घर बघून गेला. त्याला ते फार आवडलं. त्याला तसंच हवंय, त्याच्या मळ्यात, सागाचं. दाजी उत्साहात म्हणाले, "काय काळजी करू नका. कागदाचं सगळं आमचे मास्तर बघतात."

मी घाईनं म्हटलं, "दाजी, चंदगड महाराष्ट्रात आहे. तिथले फॉर्म मराठीत असतात. माझ्या कन्नडचा तिथं काय उपयोग?"

"मग तर तुम्हाला आणखीनच सोपं की!" दाजी म्हणाले.