टिकली नेमकी कुठे लावावी

टोरोंटोच्या बेटावरचा विमानतळ जेट विमानांसाठी वाढवावा का, यावर नागरिकांचं मत घेणार असं कळलं की घरी बसू नका. आवर्जून जा. मी गेल्या आठवड्यात गेले होते आणि इतकी शहाणी होऊन परत आले की चार शब्द वाटल्याशिवाय चैन पडेना.

दारातच एक हसतमुख मुलगी तुमच्या हातात तीन हिरव्या टिकल्या ठेवेल. त्या कपाळाला लावायच्या नसतात. (मी सवयीने एक वर नेलीसुद्धा.) भिंतीलगत मोठाले फलक असतात, त्यांवर टिकली चिकटवली की तुमचं मत नोंदलं गेलं. रकाने होते चार : 'जास्त शहरांना थेट विमानं', 'आधुनिक टर्मिनल', 'हिरवा किनारा', 'रोजगार'. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, चारच. "जेट नकोत, हे कुठे लावू?" तर ती म्हणाली, "'इतर'मध्ये लावा ना." 'इतर' फलकाच्या तळाला, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर होतं. तेव्हा पहिला सल्ला : वाकायची तयारी ठेवून जा.

फलकावरच्या चित्राचं कौतुक करायला विसरू नका. पोरं पतंग उडवताहेत, आजोबा बाकावर बसलेत, पाण्यात शिडाच्या होड्या. आकाशात एकही विमान नाही. विमानतळ वाढवण्याच्या चित्रात!

बोलायला दोन मिनिटं मिळतात. ती १९८३ च्या करारावर घालवू नका. शहर, बंदराचे आयुक्त आणि केंद्र सरकार या तिघांनी सह्या करून लिहून ठेवलंय की इथे प्रवासी जेट येणार नाहीत, धावपट्टी लांबणार नाही, आवाज ठरलेल्या मर्यादेत राहील. पण हा कागद काढलात की लोक असे बघतात, जणू भर मांडवात तुम्ही हुंडाबंदीचा कायदा वाचून दाखवताय.

खर्चाचा विषय तर काढूच नका. याच विमानतळाला जोडणारा पूल २००३ मध्ये रद्द झाला आणि त्या न बांधलेल्या पुलापायी केंद्र सरकारने ३.५ कोटी डॉलर भरपाई मोजली.

आकड्यांचं मात्र टेन्शन घेऊ नका, ते आपोआप वाढतात. २०१३ मध्ये इथूनच विमानं चालवणाऱ्या पोर्टर एअरलाइन्सने जेटसाठी धावपट्टी दोन्ही टोकांना १६८ मीटर लांबवायची म्हटलं होतं, काही महिन्यांत त्याचे २०० झाले. टोकांना काय आहे? पाणी. म्हणजे तळ्यात भराव. ते जेट म्हणे कुजबुजणारं होतं. 'कुजबुजणारं जेट' हा शब्द न हसता उच्चारायचा सराव आरशासमोर करून जा.

कोणी म्हणेल, "विमानतळ १९३९ पासून आहे, तुम्ही नंतर राहायला आलात." मान डोलवा. मी आले तेव्हा करार वाचून आले आणि त्यात पंख्याची विमानं होती, हे बोलू नका. मला त्या विमानांचा त्रासही नाही. मी स्वतः या विमानतळाकडे जाणाऱ्या पाण्याखालच्या बोगद्यातून बॅग ओढत मॉन्ट्रियलला जाते, तेही कबूल करू नका. दोन्ही बाजू संतापतात. आणि आधी कोण होतं, हाच निकष असेल, तर विमानतळासाठी पाडलेलं हॅन्लन्स पॉइंटचं बेसबॉलचं मैदान आधीचं. बेसबॉलचा विख्यात खेळाडू बेब रूथने व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला होम रन १९१४ मध्ये तिथे मारला. बांधा मग पुन्हा मैदान.

आता हुकमी पत्ता : हवाई रुग्णवाहिका. कोणी 'जेट नको' म्हणालं की उठायचं, आवाज जरा ओलसर करायचा आणि विचारायचं, "कोणाचा तरी जीव वाचवायला येणारं विमान तुम्हाला नकोय का?" सभागृह चिडीचूप होतं. मलाच विचारलं एका कोटातल्या गृहस्थांनी. माझी उरलेली चाळीस सेकंदं मी खुनी असल्यासारखी उभी राहिले. उत्तर आठवलं ते घरी येऊन भांडी घासताना, नेहमीसारखं. अहो, वैद्यकीय कामाच्या जेटला त्या करारातच मुभा आहे! इतकंच काय, सप्टेंबरच्या तोंडावर होणाऱ्या एअर शोच्या जेटनाही आहे. रात्री ११ ते पहाटे पावणेसात विमानतळ बंद असतो, तोसुद्धा रुग्णासाठी उघडतो. हवाई रुग्णवाहिका चालवणाऱ्या 'ऑरेंज'कडे हेलिकॉप्टरं आहेत आणि पंख्याची विमानं आहेत. हेलिकॉप्टरला तुमची लांब धावपट्टी हवी कशाला? इतक्या वर्षांत रुग्णाला अडवलंय कोणी? अडवा म्हणालंय कोणी? आजारी माणसाचं स्ट्रेचर पुढे ढकलायचं आणि त्याच्या आडून फ्लोरिडाच्या सुट्टीची जेटं आत घ्यायची, याला काही लाज?

माफ करा. सल्ला देत होते.

तर, सुरक्षेचं नाव निघालं की लगेच हो म्हणा. धावपट्टीच्या टोकांना सुरक्षा पट्टे जुलै २०२७ पर्यंत हवेत, असा केंद्राचा नियम आहे. नियम रास्त आहे, त्याबद्दल तक्रार नाही. त्यासाठी नगर परिषदेने २०२४ मध्ये कराराची मुदत २०३३ वरून २०४५ पर्यंत वाढवून दिली. ओसरी मिळाली की हातपाय पसरायचे असतात, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. प्रांताचे प्रीमियर (म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री) डग फोर्ड यांनाही जेट हवीतच.

पीअर्सन या टोरोंटोच्या मोठ्या विमानतळावर रेल्वेने युनियन स्टेशनहून २५ मिनिटांत जाता येतं, हे चुकूनही सुचवू नका. पोर्टरची स्वतःची जेटं तिथूनच उडतात, हे तर अजिबात नाही.

आणि निघताना अभिप्रायाच्या कागदावर 'बैठक उपयुक्त वाटली का?' यापुढे खूण करा. पर्याय दोन : 'हो' आणि 'खूप'.

बास. मला नाही जमत हे.

अहो, २००३ मध्ये या शहराने पुलाच्या मुद्द्यावर महापौर निवडला. डेव्हिड मिलर पूल रद्द करतो म्हणाले, निवडून आले, पूल रद्द झाला. २०१५ मध्ये केंद्रीय वाहतूक मंत्री मार्क गार्नो यांनी करार पुन्हा उघडणार नाही म्हणून सांगितलं, जेटचा विषय मिटला. दोनदा विचारलंत, दोनदा उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा विचारायचा तुम्हाला हक्क आहे, जरूर विचारा. पण मग प्रश्न तरी विचारा! जेट हवीत की नकोत, करार पाळायचा की मोडायचा, तळ्यात किती मीटर भराव, पैसे कोणाचे. टर्मिनलमध्ये झाडं हवीत का, हे काय विचारता? ठरवून आला असाल तर तोंडावर सांगा, आम्ही भांडू, कदाचित हरू. ठरवून यायचं आणि वर आमच्या हातात टिकल्या द्यायच्या, हा निलाजरेपणा आहे. आणि टाळ्या पिटणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांनो, तुम्ही तो करार उघडून तरी बघितलात का कधी? चार पानं वाचायचा कंटाळा आणि मतं मात्र हातभर.

पुढच्या बैठकीला 'नको' असा रकाना छापून आणा, आणि तो डोळ्यांच्या उंचीवर लावा. टिकली मी घरून आणीन.