एफ/२२ वर नेलं की तारा फुलतो?

दिवाळी जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. यंदा वसुबारसेच्या आधीच आला. मजकूर थोडक्यात असा: ‘दिव्यांना चांदणीसारखे किरण हवेत? अ‍ॅपर्चर थेट एफ/२२ वर न्या, छिद्र जितकं लहान तितका फोटो भारी. लेन्सला जितकी पाती तितके किरण. अंधार वाटला तर आयएसओ ३२०० करा, ट्रायपॉड लागत नाही. पणती, कंदील, माळ, कशाचाही तारा येतो. मोबाईलवाल्यांनी प्रो मोड लावावा.’ सगळं खोटं असतं तर सोडून दिलं असतं. अर्धं खरं आहे, म्हणून लिहायला बसलो. नवख्यांसाठी आधी एवढंच: अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, ‘एफ/’पुढचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान. पाती म्हणजे ते छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पातळ पट्ट्या, आणि आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता.

‘जितकं लहान तितका भारी.’ तारा छिद्राच्या कडेमुळे येतो, हे आधी ध्यानात घ्या. प्रकाश कडेला घासून जाताना थोडा वळतो, पसरतो. भौतिकशास्त्रात यालाच विवर्तन म्हणतात. ५० मिमीच्या लेन्सचं छिद्र एफ/२ ला २५ मिमी रुंद असतं, एफ/२२ ला जेमतेम सव्वादोन. छिद्र चिमुकलं झालं की कडेला वळलेल्या प्रकाशाचा वाटा वाढतो आणि किरण लांब होतात. इथवर मेसेज बरोबर. पण हे पसरणं फक्त दिव्यांपुरतं होत नाही, चित्रातल्या प्रत्येक बिंदूचं होतं. एफ/२२ ला हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, सुमारे ३० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपका होऊन पडतो. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एक पिक्सेल असतो ४ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे एक बिंदू सात पिक्सेलभर पसरला. दारातल्या रांगोळीचे कण एफ/११ ला सुटे दिसतात, एफ/२२ ला सगळी भुकटी. मी एफ/११ ते एफ/१६ च्या पुढे जात नाही. पुढे तारा थोडा वाढतो खरा, पण बाकीचा फोटो जातो.

‘जितकी पाती तितके किरण.’ इथे मेसेज लिहिणाऱ्याने स्वतः कधी मोजलेलं नाही, हे उघड आहे. मी मोजलं. गॅलरीच्या कठड्याला बारक्या एलईडीची माळ बांधली, कॅमेरा दहा फुटांवर ठेवला आणि एफ/१.८ पासून एकेक पायरी खाली आलो. एफ/१.८ ला पाती पूर्ण मागे सरकलेली, छिद्र गोल, त्यामुळे दिव्याभोवती नुसता झगमगाट. अ‍ॅपर्चर लहान करत गेलो तशा पात्यांच्या कडा आत येऊन कोपरे दिसू लागले, आणि एफ/११ ला एकेका दिव्याला स्वच्छ किरण. स्क्रीनवर मोठं करून बोटाने मोजले: चौदा. माझ्या कॅननच्या ५० मिमी एफ/१.८ एसटीएम लेन्सला पाती सातच आहेत. याच लेन्सच्या जुन्या आवृत्तीला पाच होती, तिचे दहा येत.

कारण साधं आहे. प्रत्येक सरळ कड प्रकाश दोन्ही बाजूंना फेकते, कडेला काटकोनात. सहा पात्यांच्या षटकोनात समोरासमोरच्या कडा समांतर असतात, त्यामुळे त्यांचे किरण एकमेकांवर बसतात. निघतात बारा, दिसतात सहा, पण जास्त ठसठशीत. सात पात्यांत कुठलीच कड दुसरीला समांतर नसते, म्हणून चौदाच्या चौदा दिसतात. सम असतील तर तितकेच, विषम असतील तर दुप्पट. जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीच्या २०२२ च्या फोटोंत ताऱ्यांना जे सहा ठळक किरण दिसतात, तेही तिच्या षटकोनी आरशांच्या कडांचेच. मला व्यक्तिशः सहाचा तारा आवडतो. अठरा किरणांची, म्हणजे नऊ पात्यांची, माळ फोटोत आली की साळिंदरं टांगल्यासारखी दिसते.

‘आयएसओ ३२००, ट्रायपॉड नको.’ एफ/२.८ वरून एफ/२२ ला गेलात की प्रकाश ६४ पट कमी होतो. एक साठांश सेकंदाचं काम एक सेकंदावर जातं. ते आयएसओ चढवून भरून काढलं तर आकाशाच्या काळ्या भागात दाणे दिसतात आणि किरणांची बारीक टोकं त्यातच हरवतात. माळ कुठे पळून जात नाही, आयएसओ १०० ठेवा आणि शटर दोन सेकंद उघडं राहू द्या. ट्रायपॉड नसेल तर कठड्यावर उशी ठेवून तिच्यावर कॅमेरा, आणि सेल्फ टायमर. उघडझाप करणाऱ्या माळेला तर हे जास्तच सोयीचं, एवढ्या वेळात सगळे दिवे एकदा तरी लागून जातात.

‘कशाचाही तारा येतो.’ नाही येत. उगम बिंदूएवढा हवा आणि मागे अंधार हवा. आकाशकंदिलाचा कागद प्रकाश विखुरतो, त्याच्या प्रत्येक कणाचा तारा शेजारच्याच्या ताऱ्यात मिसळतो आणि हाती काहीच लागत नाही. दुधी काचेच्या बल्बचंही तेच. पणतीचं थोडं वेगळं आहे. जवळून ज्योत बोटाच्या पेराएवढी, वर हलती, त्यामुळे तारा जाड नि पुसट. पण लांबून तीच ज्योत बिंदू होते. त्रिपुरारी पौर्णिमेला कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर पायऱ्या-पायऱ्यांवर पणत्या लागतात. पायरीवर वाकून काढण्यापेक्षा लांब उभं राहून काढा, वारा पडलेला असेल तर तारेही येतात आणि पाण्यातलं प्रतिबिंबही.

राहिला मोबाईल. बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर कायमचं एकच असतं. प्रो मोडमध्ये शटर आणि आयएसओ बदलतं, छिद्र नाही. सॅमसंगच्या २०१८ च्या गॅलेक्सी एस९ मध्ये ते बदलायचं, पण एफ/१.५ आणि एफ/२.४ एवढंच. त्याने तारा येत नाही.

मग शेजारच्या काकांनी दाखवलेल्या फोटोत प्रत्येक दिव्यातून एक लांब तिरकी रेघ कुठून आली? ‘बघ, प्रो मोड,’ म्हणाले. मी फोन घेतला आणि कॅमेऱ्याची काच सदऱ्याच्या टोकाने पुसून परत दिला. पुढच्या फोटोत रेघ गायब. काकांच्या दुसऱ्या हातात अर्धी चकली होती.