घोडेस्वारी आणि मेडिक्लेम: दरवर्षी फिरणाऱ्या त्या मेसेजबद्दल

उन्हाळी वर्गांचे फॉर्म भरायची वेळ आली की पालकांच्या ग्रुपवर तोच मेसेज येतो: "घोडेस्वारी साहसी खेळात मोडते, मेडिक्लेम एक रुपयाही देत नाही. फॉर्मवर सही केलीत की क्लब मोकळा. ज्या क्लबने घोड्यांचा विमा काढलाय, तिथेच मूल घाला." यंदा तो मला एकाच दिवशी तीन ग्रुपवर आला, म्हणून लिहायला बसले.

आधी मेडिक्लेम. विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून काय वगळायचं, याची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात साहसी खेळ कोड ०९ खाली येतात. ते कलम पॉलिसीच्या पुस्तिकेत उघडून वाचा. 'व्यावसायिक' म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च वगळला आहे. यादीत घोड्यांची शर्यत आहे. यादी तेवढ्यावर संपत नाही हे खरं, पण 'व्यावसायिक' ही अट साऱ्या यादीला लागू आहे. सुट्टीत रिंगणात लगाम धरायला शिकणारं दहा वर्षांचं पोर त्यात कसं बसेल?

माझी मुलगी अकरा वर्षांची होती. दुडकीत घोडा बिचकला, ती खांद्यावर आपटली आणि कॉलरबोन मोडलं. हॉस्पिटलच्या कागदावर नुसतं 'हॉर्स रायडिंग इंज्युरी' लिहिलेलं. कॅशलेस अडकलं, टीपीएचा (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेचा) प्रश्न आला, रुग्ण व्यावसायिक खेळाडू आहे का? डॉक्टरांनी त्याच कागदाखाली 'शिकाऊ, सुट्टीचा वर्ग' असं लिहून सही केली, आणि संध्याकाळी मंजुरी आली. एवढ्या तीन शब्दांसाठी मी दुपारभर काउंटरपाशी उभी होते. तुम्ही ते अॅडमिशनच्या वेळीच लिहून घ्या.

मेडिक्लेमला मर्यादा आहेत, पण त्या वेगळ्याच. अॅडमिट न होता प्लास्टर घातलं तर बहुतेक पॉलिसींत खर्च आपलाच. कायमचं अपंगत्व आलं तर रक्कम मिळते ती वैयक्तिक अपघात विम्यातून, आणि त्यातल्या वगळण्या कंपनीगणिक बदलतात. बँकेत वर्षाला २० रुपये कापून मिळणारा पंतप्रधान सुरक्षा विमा १८ ते ७० वयासाठी आहे. मुलांना तो लागूच नाही.

आता सही. घोडा बिचकू शकतो, मूल पडू शकतं, हे तुम्हाला सांगितलं होतं, एवढं त्या सहीने दिसतं. झिजलेला तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पट्टा, तुटला, हनुवटीचा पट्टा नसलेलं हेल्मेट दिलं, तर तो निष्काळजीपणा, आणि छापील फॉर्मने तो धुतला जात नाही. भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाशी केलेला करार मुळातच रद्द असतो. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, हे १९०३ मध्येच सांगितलंय. फी भरलेली असते, त्यामुळे सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मुदत दोन वर्षांची. म्हणून पडल्याच्या दिवशीच तंगाचा, हेल्मेटचा फोटो काढून ठेवा.

घोड्यांच्या विम्याचं तर विचारूच नका. घोडा दगावला तर मालकाला पैसे मिळतात. स्वाराचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

विचारायचंच असेल तर क्लबच्या दायित्व विम्याबद्दल विचारा, म्हणजे क्लबच्या चुकीने दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याची सक्ती घातक रसायनं हाताळणाऱ्यांवर आहे, घोडे शिकवणाऱ्यांवर नाही. त्यामुळे क्लबने तो स्वखुशीनेच काढलेला असतो. 'आहे' एवढ्या उत्तरावर परत फिरू नका, कागद मागा. आम्ही मागितला तेव्हा त्यात भरपाई मिळणाऱ्यांत पाहुणे होते, प्रेक्षक होते. 'प्रत्यक्ष स्वारी करणारे' वगळलेले होते. म्हणजे आमचीच मुलं. आठ पालक मिळून बोललो, आणि पुढच्या नूतनीकरणाला क्लबने जादा हप्ता भरून ती ओळ काढून घेतली.